अंगावर काढलेलं

उजव्या नाकपुडीच्या वरच्या वळणावर एक तीळ आला. आला असं म्हणतो, कारण पन्नाशीपर्यंत तो तिथे नव्हता एवढं नक्की. दाढी करणारा माणूस स्वतःच्या नाकासमोर रोज पाच मिनिटं उभा असतो. आधी टाचणीच्या डोक्याएवढा होता. दोन-अडीच वर्षांत शर्टाच्या बटणाच्या निम्म्याला आला. काळसर, थोडी निळसर झाक, वरून तुकतुकीत. मेणाचा थेंब पडून तसाच थिजावा तसा. टॉवेलने तोंड जोरात पुसलं की त्यातून रक्त यायचं. मग खपली धरायची. आठवड्याने खपली पडली की खाली सगळं गुळगुळीत. ‘बरं झालं’ म्हणून मी विसरून जायचो. पुन्हा टॉवेल, पुन्हा रक्त.

दुखत मात्र कधीच नव्हतं, आणि सगळी गोम तिथेच होती.

आपल्याकडे आजाराच्या दोन गती. एक तर तो डॉक्टरला ‘दाखवायचा’, नाही तर ‘अंगावर काढायचा’. दुसऱ्या प्रकारात थोडी फुशारकीही असते. ‘तीन दिवस ताप होता, अंगावर काढला, एक खाडा नाही’ असं सांगणाऱ्याकडे आम्ही कामावर आदराने बघायचो. पण त्यात निदान सोसणं तरी असतं. काहीतरी ठणकतंय आणि तरीही माणूस उभा आहे. माझ्याकडे सोसायला काहीच नव्हतं. जे मुळातच अंगावर बसलं होतं, तेच मी अंगावर काढत होतो.

मी मोजणीतला माणूस. जमिनीच्या हद्दी ठरवायच्या, हेच काम चौतीस वर्षं केलं. सुरुवातीला शंकू-साखळी, मग थिओडोलाइट, शेवटी टोटल स्टेशन. यंत्रं बदलली, ऊन तेच राहिलं. डोक्याला टोपी असायची, नाही असं नाही. पण यंत्राच्या दुर्बिणीला डोळा लावायचा म्हटलं की टोपी मागे फिरवावी लागते, आणि मग नाक तेवढं सगळ्यांच्या पुढे उन्हात. शिवाय डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली: कातडीचा कर्करोग हा गोऱ्या लोकांचा रोग. यातलं अर्धं खरं आहे. कातडीच्या पेशी मेलॅनिनचे कण आपल्या केंद्रकावर छत्रीसारखे धरतात, आणि ज्याची छत्री गडद त्याला ऊन कमी बाधतं. गोऱ्या माणसांत हे रोग कितीतरी पटींनी जास्त आढळतात. उरलेलं अर्धं मात्र महागात पडतं. सावळ्या माणसाला झाला तर तो उशिरा सापडतो, कारण त्याच्या अंगावर तो कुणी शोधतच नसतं. ना तो स्वतः, ना त्याचा डॉक्टर. आणि पुष्कळदा तो ऊन न लागणाऱ्या जागी निघतो: तळपाय, तळहात, नखाखाली, भाजल्याच्या जुन्या व्रणात.

मला दाखवायला लावलं ते उशीच्या अभ्र्याने. सकाळी अंथरूण काढताना बायकोने अभ्रा उजेडात धरला आणि म्हणाली, ‘‘अहो, रात्री तर तुम्ही टॉवेल घेत नाही ना?’’ अभ्र्यावर पैशाएवढा तांबूस डाग होता. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पहिल्या डॉक्टरांबद्दल फार लिहीत नाही. त्यांनी टेबलाच्या पलीकडूनच पाहिलं, ‘‘वयाप्रमाणे येतात असे,’’ म्हणाले आणि मलम दिलं. आठ महिन्यांत तीन ट्यूब संपल्या. खपली मऊ झाली, एवढाच फरक. मधल्या काळात एका ठिकाणी लेसरने ‘दहा मिनिटांत उडवून देतो’ असंही सांगितलं गेलं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. चेहरा स्वच्छ, विषय संपला. आता आठवलं की पोटात गोळा येतो. तपासणीला न पाठवता जाळलेला तीळ म्हणजे पंचनामा न करता पुसलेली हद्द. खाली काय होतं ते मग कुणालाच सांगता येत नाही, आणि जे होतं ते मुळाशी तसंच राहून नव्या कातडीखाली वाढत राहू शकतं.

तिसऱ्यांदा गेलो तो त्वचारोगाच्या एका लहानशा दवाखान्यात. दोन खोल्या, बाहेर सहा खुर्च्या. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी माझं नाक पाहायला खुर्ची पुढे ओढली, इतकी की त्यांच्या चष्म्यात मला माझंच नाक दिसायला लागलं. मग खिशातून छोट्या टॉर्चसारखं एक यंत्र काढलं. डर्मोस्कोप. दहापट मोठं दाखवणारं भिंग, आणि भोवती दिव्यांचं कडं. त्यातला उजेड असा गाळलेला असतो की कातडीवरची चकाकी मरते आणि नजर वरच्या थराच्या खाली उतरते. त्यांनी ते मोबाइलला जोडून फोटो घेतला आणि मलाही दाखवला.

चौतीस वर्षं नकाशे पाहिले, पण माझ्या नाकाचा नकाशा मी पहिल्यांदाच पाहत होतो. निळ्या-करड्या रंगाची अंडाकृती बेटं. एका कडेला तपकिरी, पानाच्या आकाराचे तुकडे. आणि सगळ्यावरून धावणारी लालभडक रेघ, तिला फाटे, फाट्यांना बारीक फाटे, उंचावरून पाहिलेल्या नदीसारखी. साध्या तिळात असा पसारा नसतो, डॉक्टर म्हणाल्या. ‘‘काका, हा तीळ नाहीये. काय आहे याचा मला अंदाज आहे, पण तुकडा काढून तपासल्याशिवाय मी नाव घेणार नाही. त्याआधी कपडे काढा.’’

नाकासाठी कपडे? माझा चेहरा पाहून त्या हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाल्या, ‘‘ज्या उन्हाने नाकाला हे केलं, ते फक्त नाकावर पडलं होतं का?’’

अंगभर तपासणी पंधरा मिनिटं चालली असेल. केस कंगव्याने दुभागून टाळू पाहिली. कानाच्या मागे, कानाच्या पाळीवर, पापण्यांच्या कडा, ओठ, हिरड्या, काखा, पाठ, मांड्यांची मागची बाजू, पायाच्या बोटांच्या बेचक्या, नखं. बायकोला त्यांनी थांबवून घेतलं होतं, आणि ते का, हे लगेच कळलं. माझ्या पाठीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, ‘‘हा कधीपासून?’’ मला कुठला, तेच कळेना. बायको म्हणाली, ‘‘हा लग्नापासून आहे. हा खालचा धाकटीच्या जन्मानंतरचा. आणि हा खरखरीत, तो चार-पाच वर्षांतला, सारखा कपड्याला अडकतो.’’ खरखरीत तो सेबोरिक केराटोसिस निघाला, अगदी निरुपद्रवी. वयाबरोबर येणारा, वरून चिकटवल्यासारखा दिसणारा. पण मी चाट पडलो होतो ते वेगळ्याच गोष्टीने. माझ्या पाठीचं सगळं दप्तर या बाईपाशी होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

शेवटी तळपाय. उजव्या टाचेच्या आतल्या बाजूला एक तपकिरी डाग होता. तिथे डॉक्टर थांबल्या, भिंग लावलं, आणि मी श्वास धरला. का धरला, ते पुढे सांगतो. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. तळपायावर रेषा असतात, हाताच्या ठशासारख्या. मोठं करून पाहिलं तर हुबेहूब सरी-वरंबा. ‘‘रंग सरीत साठलाय,’’ त्या म्हणाल्या, ‘‘वरंब्यावर नाही. सरीतला चांगला. वरंब्यावर असता तर मी आजच तुकडा घेतला असता.’’ ही खूण जपानी डॉक्टरांनी शोधून काढली, असंही त्यांनी सांगितलं. तिकडे मेलॅनोमा, म्हणजे कातडीचा सर्वांत वाईट कर्करोग, होतो त्यातला बराचसा तळपाय-तळहातांवरचाच, म्हणून नजर तिथे बसलेली. सरी-वरंबा हे शब्द त्यांचे नव्हते, ते माझे. त्या आपल्या ‘फरो’ आणि ‘रिज’ म्हणत होत्या. मी भाषांतर करून सांगितल्यावर त्यांनी ते लिहून घेतलं.

आता तो श्वास.

साखळीला दोन टोकं असतात. पुढचं एकाच्या हातात, मागचं दुसऱ्याच्या. माझ्या पहिल्या अठरा वर्षांत पुढचं टोक एकाच माणसाच्या हातात होतं. काटक, कमी बोलणारा, पायात कायम जुने बूट. त्याच्या टाचेला काळा डाग पडला. ‘काटा मोडला असेल.’ काटा मोडायला जागा भरपूर होत्या, त्यामुळे कुणी विचार केला नाही. वर्षाने तिथे जखम झाली, पाणी यायला लागलं. त्याला साखरेचा त्रास होताच, म्हणून जखम साखरेची ठरली आणि मलमपट्टी सुरू झाली. जांघेत गाठ आली तेव्हा कुणीतरी तुकडा काढला. मेलॅनोमा. २००६ साल होतं.

मेलॅनोमाचं सगळं भवितव्य एका मापात असतं, हे मला तेव्हा कळलं. अलेक्झांडर ब्रेस्लो नावाच्या पॅथॉलॉजिस्टने १९७० साली दाखवून दिलं की गाठ किती पसरली यापेक्षा ती किती खोल गेली, हे महत्त्वाचं. वरच्या थरापासून सर्वांत खालच्या पेशीपर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये. १ मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेकांचं नुसतं कापून भागतं. माझ्या जोडीदाराचं साडेपाच होतं. आम्ही दोघांनी मिळून किती किलोमीटर साखळी ओढली असेल याचा हिशोब नाही. त्याने तो रिपोर्ट माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ‘‘एवढंसं तर आहे.’’

दीड वर्ष गेलं. तेव्हा डॉक्टरांकडे जुनी केमो आणि इंटरफेरॉन यांपलीकडे फारसं काही नव्हतं, आणि त्यांनीही फार साधायचं नाही. २०११ साली इपिलिमुमॅब आलं, २०१४ साली पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब. शरीराच्याच सैनिकी पेशींचा ब्रेक सोडवणारी ही औषधं. त्यामागच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. तळपायाच्या मेलॅनोमावर ती तितकीशी चालत नाहीत, असंही डॉक्टर सांगतात, त्यामुळे ‘तो थोडा उशिरा आजारी पडला असता तर’ या वाटेने मी फार पुढे जात नाही. बॉब मार्लेलाही असाच, पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. फुटबॉल खेळताना लागलं असेल, असं आधी वाटलं. १९८१ साली गेला तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. काटा, बूट, चेंडू. पायाला काहीतरी निमित्त नेहमीच तयार असतं.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. खांदा दिला होता. आणि तरी नाकावरचा तीळ मी साडेतीन वर्षं अंगावर काढला. याचं उत्तर बायकोने बरेचदा मागितलं आहे. माझ्याकडे एकच आहे, आणि ते मलाही पुरेसं वाटत नाही: तो दुखत नव्हता, आणि मी त्याला रोज पाहत होतो. रोज दिसणारी गोष्ट वाढताना दिसत नाही. वर्षाला वीतभर सरकणारा बांध मालकाला कधीच कळत नाही. बाहेरून आलेल्या मोजणीदाराला पहिल्या दिवशी कळतो.

तुकडा त्याच दिवशी काढला. नाकाला बधिर करण्याचं इंजेक्शन म्हणजे काय, ते सांगून ठेवतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. नाकाची कातडी खाली घट्ट चिकटलेली असते, औषधाला पसरायला जागा नसते. मिनिटभर चांगलंच झोंबतं आणि डोळ्यांतून आपोआप पाणी येतं. रडू नव्हे, नळ. त्यानंतर मात्र काही नाही. पंच म्हणून एक अवजार असतं, पेनाएवढं, टोकाला ३ मिलिमीटरचं गोल पातं. ते टेकवून फिरवलं. आम्ही मातीचा नमुना घ्यायला जमिनीत नळी फिरवून उतरवायचो, तेच. चिमट्याने उचललेला तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडला आणि तळाला जाऊन बसला. एक टाका. बाटलीवर माझं नाव, तारीख, ‘उजवी नाकपुडी’. त्यांनी ते नाव मला मोठ्याने वाचायला लावलं. बाटल्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून, म्हणाल्या. ही बाई मोजणीत शोभली असती.

नऊ दिवस. तो तुकडा आत्ता मेणात ओतला जात असेल, आता त्याच्या चार-पाच मायक्रॉन जाडीच्या चकत्या होत असतील, आता त्यांना जांभळा आणि गुलाबी रंग चढत असेल. डॉक्टरांनी सगळी रीत सांगितली होती आणि ती मी रात्री पडल्या पडल्या क्रमाने मनात करत असे. मधल्या काळात मी आरशासमोर जास्त वेळ उभा राहायला लागलो. बायकोने आरशावर टॉवेल टाकला.

‘बेसल सेल कार्सिनोमा, नोड्युलर, पिगमेंटेड.’ कार्सिनोमा हा शब्द दिसला आणि बाकीचं दिसेनासं झालं. डॉक्टरांनी कागद उलटा करून ठेवला आणि त्याच्या पाठीवर कातडीचे थर काढले. वरचा थर सतत झडतो आणि खालून भरत राहतो. त्या भरतीच्या तळच्या रांगेतल्या पेशी म्हणजे बेसल. त्यांचा हा कर्करोग जगात सर्वांत जास्त आढळणारा, आणि दूर पसरण्याच्या बाबतीत सर्वांत आळशी. त्याच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा तो स्क्वेमस. हा लसीकाग्रंथींपर्यंत जाऊ शकतो, आणि सावळ्या माणसांत जुन्या व्रणांत निघतो तो बहुधा हाच. रंग बनवणाऱ्या पेशींचा तो मेलॅनोमा. तिघांत सर्वांत कमी आढळणारा आणि सर्वांत वाईट. सावळ्या कातडीत बेसल बहुधा काळपट असतो, म्हणून तिळात खपून जातो.

‘‘काहीच केलं नाही तर?’’ मी विचारलं.

‘‘जीव सहसा घेत नाही. नाक घेतो.’’

१८२७ साली डब्लिनच्या आर्थर जेकब नावाच्या डॉक्टराने या रोगाचं वर्णन केलं होतं. पुढे त्याला ‘रोडंट अल्सर’ म्हणायला लागले. उंदराने रोज रात्री थोडं थोडं कुरतडावं तशी जखम. कातडी, मग कूर्चा, मग हाड. अभ्र्यावरचा डाग मला आठवला.

मग उपायांचं बोलणं झालं, आणि ते त्यांनी घाईत उरकलं नाही. गोठवणं: उणे १९६ अंशाचा द्रव नायट्रोजन फवारायचा, उन्हाने आलेल्या खरखरीत पूर्व-कर्करोगी चट्ट्यांना उत्तम, माझ्या नाकाला नाही. खरवडून जाळणं: पाठीवर, हातावर चालतं, नाकावर मुळं खोल जातात, तिथे भरवसा नाही. इमिक्विमोडचं मलम: आठवड्यातून पाच रात्री, सहा आठवडे, पण फक्त वरवरच्या बेसलला. मलम म्हटल्यावर माझे डोळे चमकले असावेत. ‘‘काका, तुमचा वरवरचा नाही,’’ त्या लगेच म्हणाल्या. किरणोपचार: काही आठवड्यांच्या फेऱ्या, ज्यांना शस्त्रक्रिया झेपत नाही अशा वृद्धांसाठी चांगला. आणि ज्यांचं कापण्यापलीकडे गेलंय त्यांच्यासाठी २०१२ पासून व्हिस्मोडेगिबच्या गोळ्या, ज्यांनी स्नायूंत गोळे येतात, केस जातात, चव जाते.

राहिलं कापणं. साध्या पद्धतीने कापायचं तर गाठीच्या चारी बाजूंनी ४ मिलिमीटर निरोगी कातडी सोबत घ्यायची. माझी गाठ ७ मिलिमीटरची. दोन्हीकडचे चार-चार धरले तर १५ मिलिमीटरचं वर्तुळ. त्यांनी पट्टीने ते माझ्या नाकावर धरून दाखवलं. नाकपुडी जवळजवळ सगळीच त्यात जात होती. वर अडचण अशी की कापलेल्या तुकड्याच्या चकत्या उभ्या पाडतात, आणि दोन चकत्यांच्या मधली कड कुणी पाहतच नाही. म्हणजे दर शंभर मीटरला एक दगड तपासायचा आणि हद्द बरोबर आहे म्हणून सही करायची. आमच्याकडे अशी मोजणी कुणी मंजूर केली नसती.

‘‘दुसरी एक पद्धत आहे, मोज सर्जरी,’’ त्या म्हणाल्या. मी म्हटलं, काय मोजू? फ्रेडरिक मोज, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातला. १९३० च्या दशकात, शिकत असतानाच, त्याने उंदरांवर प्रयोग करता करता पाहिलं की झिंक क्लोराइडने मांस जागच्या जागी पक्कं करता येतं आणि मग थर काढून त्याची रचना भिंगाखाली जशीच्या तशी पाहता येते. त्यावरून त्याने पद्धत बसवली आणि १९४१ साली ती प्रसिद्ध केली. आता झिंकचा लेप नाही, ताजा तुकडा गोठवून पाहतात. पातळ बशीसारखा थर काढायचा. त्याची संपूर्ण कड आणि तळ तिथल्या तिथे तपासायचा. जिथे रोग उरला असेल तेवढ्याच कोपऱ्यातून पुढचा थर. पहिल्यांदाच झालेल्या बेसलमध्ये ९९ टक्क्यांपर्यंत यश. ‘‘पण हे मी इथे करू शकत नाही. त्याला शेजारी प्रयोगशाळा लागते, आणि ते शिकलेला माणूस लागतो. साधं कापणं मला येतं, आणि आज-उद्या करूनही टाकता येईल. पण तुमच्या नाकावर मी ते करू नये.’’ आणि त्यांनी मोठ्या रुग्णालयाच्या नावाने चिठ्ठी लिहिली. माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो भिंगामुळे नव्हे, या चिठ्ठीमुळे. ‘दहा मिनिटांत उडवून देतो’ म्हणणाऱ्याच्या दुकानात यंत्रं यांच्यापेक्षा जास्त होती.

मोजचा दिवस हा मुख्यतः बसून राहण्याचा दिवस असतो. सकाळी बधिर केलं, जांभळ्या पेनाने कड आखली, कडेवर घड्याळाच्या बारा आणि तीन वाजता बारीक छेद घेतले. तुकडा बाहेर आला तरी त्याची दिशा चुकू नये म्हणून. हद्दीच्या खुणाच त्या. मग तुकड्याच्या एकेका बाजूला वेगवेगळ्या रंगाची शाई, आणि कागदावर माझ्या नाकाचा नकाशा, त्यात तेच रंग. मी विचारलं, मला पाहता येईल का? सर्जननी दाखवला. उत्तर दिशा नव्हती दाखवलेली, पण कपाळाकडची बाजू वर होती, चालायचंच.

नाकावर पट्टी लावून मला बाहेर बसवलं. खोलीत आम्ही पाच जण, सगळ्यांच्या चेहऱ्यावर कुठे ना कुठे पांढरी पट्टी. एकाचा कान, एकीची पापणी. माझ्या शेजारच्याचं वय चाळीसही नसेल. त्याचं मूत्रपिंड बदललेलं. नवं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर. त्या गोळ्यांचं हे देणं: पहारा ढिला पडला की कातडीवर स्क्वेमस उगवायला लागतात. ही त्याची सातवी खेप होती. ‘‘तुमची पहिलीच ना?’’ त्याने विचारलं, आणि सोबत आणलेलं वर्तमानपत्र अर्धं मला दिलं. तासाभराने मला आत बोलावलं. आठ वाजताच्या कोपऱ्यात उरलं होतं. म्हणजे वरून जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे ते कातडीखालून गालाकडे सरकलं होतं, सरळसरळ अतिक्रमण. तेवढ्याच कोपऱ्यातून दुसरा थर काढला, पुन्हा एक तास. शब्दकोडं आम्ही दोघांनी मिळून सोडवलं. दुसऱ्या वेळी सगळीकडून स्वच्छ.

गालाकडची कातडी सरकवून खड्डा भरला. सातव्या दिवशी टाके निघाले. उजवी नाकपुडी डावीपेक्षा केसभर वर राहिली आहे. चष्मा थोडा तिरका बसतो. नवा करायचा आहे, अजून केला नाही.

हे आजच्या उन्हाचं नाही, असं डॉक्टर सांगतात. विशी-तिशीत पडलेलं ऊन साठीत बाहेर येतं. अतिनील किरणांनी डीएनएमधली शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात, पेशी ती कापून दुरुस्त करत बसते, आणि हजारदा दुरुस्त करणारी एखाद वेळी चुकते. तेव्हा सनस्क्रीन आता लावून काय उपयोग, असा माझा युक्तिवाद होता. तो दोन मिनिटांत निकालात निघाला. एक झालेल्याला दुसरा होण्याची शक्यता बरीच असते, म्हणे. लावतो. चिकट वाटतं. रुंद काठाची टोपी त्यापेक्षा बरी.

दर सहा महिन्यांनी आता दाखवायला जातो, आणि महिन्यातून एकदा घरी. १९८५ साली न्यूयॉर्क विद्यापीठातल्या डॉक्टरांनी तिळांसाठी ‘एबीसीडी’ असा चार अक्षरी नियम केला, २००४ साली त्यात ‘ई’ हे पाचवं अक्षर घातलं: दोन अर्धी सारखी नाहीत, कड दातेरी, रंग एकापेक्षा जास्त, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा, बदलतो आहे. नियम मेलॅनोमाचा. माझा नाकावरचा त्यात धड बसलाच नसता. गोल होता, कड साफ. म्हणून मी पाचवंच तेवढं धरून चाललोय, बदलतो आहे का. आणि बदल कळायचा तर आधीची मोजणी कागदावर हवी. मी आलेखाचा कागद आणला, १:५ प्रमाण धरलं आणि बायकोला म्हटलं, माझ्या पाठीचं टिपण सांग. तिने बावीस तीळ सांगितले, मणक्यापासून किती बोटं, सगळं. तासाभरात नकाशा तयार झाला.

‘‘आता माझी,’’ ती म्हणाली आणि पाठ करून बसली.

मी दुसरा कागद घेतला. दिवा जवळ ओढला. चौतीस वर्षांच्या संसारात ही पाठ मी पाहिली नव्हती असं कसं म्हणू? पण एकाही तिळाची मला ओळख पटेना. उजव्या खांद्याच्या पात्याखाली एक होता, तपकिरी, एका बाजूने जरा गडद. पट्टी लावली. ५ मिलिमीटर.

‘‘हा पात्याखालचा,’’ मी विचारलं, ‘‘आधीपासूनचा आहे का ग?’’

‘‘मला कसं माहीत असणार?’’ ती म्हणाली. ‘‘मला तो दिसतो का?’’

कागदावर मी त्याला पहिला क्रमांक दिला, पुढे तारीख टाकली, आणि फोन उचलून दवाखान्याचा नंबर लावला.